दान द्यायची गोधडी: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

गोधडी शिवून कुणाला तरी द्यावी असं मनात आलं की पहिला हात कपाटाकडे जातो. जुन्या साड्या निघतात, कुठला काठ कुठे शोभेल याचा विचार सुरू होतो आणि ती कोण पांघरणार हे ठरायच्या आत निम्मी शिवूनही होते. माझं सांगणं असं, की कपाट उघडण्याआधी एक फोन करा. जिथे द्यायची आहे तिथल्या माणसाला विचारा. झोपायला खाली काय असतं? थंडी किती पडते? पांघरूण मळलं की कोण धुतं, कुठे धुतं, वाळत कुठे घालतं? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर गोधडी वर्षानुवर्षं वापरात राहणार की कोपऱ्यात पडून तिला कुबट वास येणार, हे त्यावरच ठरतं. देणारा ऊब बघतो, नक्षी बघतो. घेणाऱ्याला ती बादलीत बुचकळून, पिळून दोरीवर टाकायची असते.

म्हणून इथे कापूस भरलेल्या रजईबद्दल काही सांगत नाही. रजई उबदार असते, पण धुता येत नाही. कापूस एकदा भिजला की त्याचे गोळे होतात. मी सांगते आहे ती साधी गोधडी: जुन्या सुती कापडाचे थर आणि त्यावर हाताने घातलेला धावदोरा. कुणाकडे ती वाकळ असते, कुणाकडे लेपडं, सीमाभागात कौदी. पद्धत थोड्याफार फरकाने तीच.

आधी कोणासाठी ते ठरवा

निवासी आश्रमशाळा आणि वसतिगृहं ही पहिली जागा. मेळघाटात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते. मुलं आपलं अंथरूण-पांघरूण स्वतः सांभाळतात, बहुतेकदा स्वतःच धुतात. दहा वर्षांच्या मुलीला ओली गोधडी उचलता आणि पिळता आली पाहिजे, हे माप धरा. चार थरांच्या वर जाऊ नका.

वसतिगृहासाठी आणखी एक गोष्ट मी फार महत्त्वाची मानते. चाळीस मुलं असतील तर चाळीस गोधड्या झाल्याशिवाय पाठवू नका. तीस पाठवल्या की दहा मुलं दुसऱ्याच्या पांघरुणात शिरतात आणि खरूज एकाची दुसऱ्याला लागते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो, पण रोज रात्री पांघरूण वाटून घेतलं तर त्याला तेवढेही लागत नाहीत. एवढ्या गोधड्या होत नसतील तर एकच इयत्ता किंवा एकच खोली घ्या आणि ती पूर्ण करा.

ऊसतोड कामगारांची गरज वेगळी. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. भिजवलेल्या रानातली गारठ्याची रात्र आणि खाली नुसती जमीन. अशा ठिकाणी पांघरुणाइतकंच अंथरूण लागतं, कारण अंगाखालची थंडी वरच्या गोधडीने थांबत नाही. यांना खाली घालायची सहा थरांची एक आणि वर घ्यायची चार थरांची एक, अशी जोडी द्यावी. रंग गडद असू द्या. चूल कोपीतच किंवा दाराशी असते, त्यामुळे कापड शंभर टक्के सुती हवं; त्याचं कारण पुढे येईल.

शहरात महापालिकांचे बेघर निवारे असतात. दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा असावा असा नियम आहे. तिथे पांघरुणं एकगठ्ठा धुतली जातात आणि माणसं बदलत राहतात, म्हणून एकाच मापाच्या, पातळ, लवकर वाळणाऱ्या गोधड्या व्यवस्थापकांना सोयीच्या पडतात.

मुंबईत बाहेरगावाहून उपचारासाठी आलेल्यांसाठी धर्मशाळा आहेत. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या पाठोपाठ उघड्यानागड्याला वस्त्र येतं, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. अशा ठिकाणी फोन केल्याशिवाय काही नेऊ नका. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, जुनं कापड चालेल की नाही हे तेच सांगतील. नातेवाइकांसाठी चालतं पण रुग्णांसाठी नाही, असंही उत्तर येऊ शकतं. ते मानायचं.

नवजात बाळांसाठी दुपटी शिवायला सगळ्यांना आवडतं. लहान काम, लवकर संपतं. जरूर शिवा, पण दोनच थरांची, ९० बाय ९० सेंटीमीटरची, आणि गुंडाळायला किंवा खाली घालायला. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपताना सुटं जाड पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर येऊन श्वास कोंडतो. गोधडी देताना हे आईला तोंडी सांगा. रुग्णालयात आधी परिचारिका प्रमुखांना विचारा, कारण अतिदक्षता कक्षात बाहेरचं कापड बहुधा घेत नाहीत. प्रसूती कक्षातून घरी जाणाऱ्या बाळांसाठी घेतात.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात: अमेरिकेत १९९५ पासून 'प्रोजेक्ट लायनस' ही संस्था आजारी आणि संकटातल्या मुलांना हाताने केलेली पांघरुणं देते आणि तिच्या शाखा राज्याराज्यांत आहेत. त्यांना नव्या कापडाची, धुता येणारी पांघरुणं लागतात. आईच्या जुन्या साडीची गोधडी तिथे चालायची नाही, ती घरात ठेवा आणि संस्थेसाठी नवं सुती कापड आणा.

कापड

जुनी सुती साडी, लुगडं, धोतर, सुती चादर, मऊ झालेला पंचा हे सगळं चालतं. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर नको. घाम टिपत नाही ही एक गोष्ट, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं ही त्याहून मोठी. सुतीलाही आग लागते, पण ते चिकटत नाही. आजकाल काठापदराच्या दिसणाऱ्या कितीतरी साड्या मिश्र धाग्याच्या असतात, त्यामुळे नजरेवर विसंबू नका. कडेचा एक दोरा ओढून काढा आणि सांडशीत धरून पेटवा. कागदासारखा जळून भुरभुर राख झाली तर सुती. टोकाशी कडक मणी झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे, ती साडी बाजूला ठेवा.

मग ताकद बघा. कापड उजेडासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही मुठीत धरून ताणा. चर्रकन आवाज आला तर ते कापड गोधडीत घालू नका, आतल्या थरातसुद्धा. विरलेला थर आत फाटतो, गोळा होतो आणि वरून दुरुस्त करता येत नाही. साडीत निऱ्यांची जागा आणि पदर सहसा चांगले राहिलेले असतात. विरतो तो बसण्याचा भाग. तेवढा कापून टाकला की बाकीची साडी वापरता येते.

जर, टिकल्या, आरसे, बटणं, हुक, सगळं उसवून काढा. साडीचा फॉलही काढा, तो वेगळ्या धाग्याचा असतो आणि धुतल्यावर वेगळा आकसतो. जरीचे काठ फार सुंदर असले तरी ते गालाला टोचतात. मोह होतो, मला कळतं. पण तो काठ स्वतःच्या पिशवीला लावा.

रंग जातो का ते बघायला ओला पांढरा फडका कापडावर जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड मिठाच्या पाण्यात भिजवून बसेल या भरवशावर राहू नका. वेगळं धुऊन पुन्हा घासून बघा, तरी लागला तर सोडून द्या. दुसऱ्यांकडून साड्या गोळा करत असाल तर त्या घरात पसरण्याआधी कडकडीत गरम पाण्यात साबणाने धुवा. ढेकूण आणि त्यांची अंडी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात, नुसत्या उन्हाने मरतीलच असं नाही. नवीन कापड घेतलं असेल तर तेही आधी धुवा, त्यातली खळ निघते आणि आकसायचं तेवढं आधीच आकसतं.

माप आणि कापणी

मोठ्या माणसाची गोधडी साधारण ५ बाय ७ फूट. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट लांब आणि साधारण ४५ इंच रुंद असते. तिचे ५ फूट २ इंचांचे तीन तुकडे पडतात आणि वर अडीच फुटांचा उरतो. दोन तुकडे रुंदीला रुंदी लावून ठेवले की एक थर होतो, पाच फूट बाय सुमारे सव्वासात फूट. तीन साड्यांचे नऊ तुकडे, त्यातले आठ लावून चार थर. नववा तुकडा आणि उरलेल्या पट्ट्या ठिगळांना, कोपऱ्यांना आणि पुढच्या दुरुस्तीला. वजन दीड किलोच्या आसपास येतं आणि कोरड्या उन्हाच्या दिवसात ती संध्याकाळपर्यंत वाळते.

लहान मुलाला जोड नसलेली गोधडी बसते: साडीची रुंदी तीच गोधडीची रुंदी, लांबी साडेपाच फूट. चार साड्यांचे बारा तुकडे निघतात आणि चार-चार थरांच्या तीन गोधड्या होतात. पहिल्यांदा शिवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. दुपट्यापेक्षा शिकायला जास्त मिळतं आणि पाच फुटीपेक्षा आटोक्यात राहते.

मोठ्या गोधडीत एक अडचण येते. प्रत्येक थराचा जोड बरोबर मध्यावर आला तर तिथे उंचवटा तयार होतो, तो पाठीला टोचतो आणि तिथेच दोरा आधी तुटतो. म्हणून वरचा आणि खालचा, हे दोनच थर मशीनवर टीप मारून जोडा. आतल्या दोन थरांचे तुकडे शिवू नका, नुसते दोन इंच एकमेकांवर चढवून ठेवा, आणि त्यांची जागा बदला: एका थरात अख्खा तुकडा मध्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा. धावदोरा त्यांना धरून ठेवतो.

वरच्या थरासाठी मऊ कापड, खालच्यासाठी घट्ट विणीचं. आत कितीही बेरंग असलं तरी चालतं. वरचा थर मात्र नीट निवडा. दान द्यायची म्हणून कसंही चालेल, हा विचार मनात आला तर काम थांबवा आणि दुसऱ्या दिवशी सुरू करा.

अंथरणं आणि कच्चा दोरा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं जातं. फरशी झाडून-पुसून कोरडी करा. खालचा थर उलट बाजू वर करून पसरा, हाताने मध्यापासून कडेकडे सारखा करा आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवा: वरवंटा, भरलेली कळशी, काहीही. त्यावर आतले थर एकेक करून. प्रत्येक थर पसरल्यावर पुन्हा तळहात फिरवायचा. शेवटी वरचा थर, सुलट बाजू वर. थर एकमेकांवर बसले पाहिजेत, ताणून तंग करायचे नाहीत. ताणलेलं कापड सोडल्यावर आकसतं आणि चुण्या पडतात.

मग लांब सुईने, हातभर दोरा घेऊन, चार-चार बोटांचे कच्चे टाके घाला. आधी मध्यातून चारही कोपऱ्यांकडे, मग आडवे, मग उभे, वीतभर अंतराने. हा दोरा नंतर काढायचा आहे, म्हणून वेगळ्या रंगाचा घ्या आणि गाठ वरच्या बाजूला ठेवा. दोघींनी मिळून केलं तर तासाभरात होतं. एकटीला गुडघे दुखतात, त्यामुळे निदान या कामाला तरी कुणाला बोलवा.

आता कडा. वरचा थर आणि खालचा थर, दोघांचीही कड अर्धा इंच आत दुमडून समोरासमोर आणा, आतले थर त्या दुमडीत दडवा आणि पूर्ण गोधडीभोवती एक घट्ट ओळ घाला. ही ओळ मशीनवर मारली तरी हरकत नाही. मशीनला १६ नंबरची सुई लावा, आणि जाडी जास्त असेल तर १८. आतलं काम मात्र हाताने करा. मशीनखाली एवढा मोठा गठ्ठा वळवताना थर सरकतात, शिवाय हाताचा धावदोरा गोधडीला लवचीक ठेवतो.

धावदोरा

दोरा जाडसर सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा पक्का वाटतो, पण जुन्या मऊ कापडाला तो आतून कापत जातो. एका वेळी हातभरच ओवा, त्याहून लांब दोऱ्याचा गुंता होतो. सुई लांब आणि बारीक टोकाची असावी; दाभण नको, त्याने पडलेली भोकं तशीच राहतात. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची टोपी, घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कडेपासून आत यायचं. कडेच्या ओळीपासून दोन बोटं अंतर सोडून दुसरी ओळ, पुन्हा दोन बोटं सोडून तिसरी, अशी चौकटीच्या आत चौकट मध्यापर्यंत. टाका अर्ध्या सेंटीमीटरचा. पहिल्या गोधडीत तो एक सेंटीमीटरचा झाला तरी चालेल, पण त्याहून मोठा नको; मोठ्या टाक्यात पायाची बोटं अडकतात आणि दोरा तुटतो.

उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागेल एवढंच खाली जाऊ द्यायचं आणि लगेच वर वळवायचं. बोटाला लागलं म्हणजे सगळे थर घेतले गेले. नाही लागलं तर खालचा थर सुटला. सुई तशीच कापडात ठेवून कापड वर-खाली हलवत तिच्यावर चार-पाच टाके चढवायचे आणि मग एकदम ओढायची. ओढून झाल्यावर डाव्या अंगठ्याने त्या ओळीवरून मागे दाबत जायचं, म्हणजे जमलेल्या चुण्या पसरतात. दोऱ्याच्या शेवटी बाहेर गाठ मारायची नाही. दोन उलटे टाके घालून टोक थरांच्या मध्ये सोडायचं. जुन्या बायकांच्या हाताची लय बघायला मिळाली तर तासभर नुसतं शेजारी बसा. कितीही लिहिलं तरी डाव्या हाताची ती हालचाल बघूनच कळते.

कडेकडून मध्याकडे येताना वरचा थर हळूहळू पुढे ढकलला जातो आणि मध्यभागी फुगा येतो. उपाय एकच: दर दोन चौकटी झाल्या की गोधडी फरशीवर पसरायची, बघायची, फुगवटा दिसला तर तिथला कच्चा दोरा सोडून कापड सारखं करून पुन्हा घालायचा. शेवटी उसवण्यापेक्षा हे बरं.

मोठ्या गोधडीत जवळजवळ शंभर मीटर धावदोरा होतो. रोज तास-दीड तास बसलात तर महिना धरून चाला. चार-पाच जणींचा गट असेल तर गोधडी मध्ये ठेवून चारही बाजूंनी बसता येतं, फक्त टाक्याचं माप आधी ठरवून घ्या. स्वतःला वेळ नसेल आणि साड्या भरपूर असतील तर गावातल्या गोधडी शिवणाऱ्या बाईला किंवा बचत गटाला द्या आणि त्यांची पूर्ण मजुरी द्या. दान तुमचं आहे, त्यात त्यांच्या मेहनतीत सूट मागू नये.

एक कडक नियम. बसताना सुया मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नका. काम संपल्यावर पूर्ण गोधडीवरून एक जोरदार चुंबक फिरवा.

कोपरे आणि नाव

गोधडी आधी कोपऱ्यांत फाटते, कारण उचलताना, झटकताना, वाळत घालताना तिथेच धरलं जातं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात आणि फुलं नसलेली कवंदी त्यांना नागडी वाटते. दिसायला छान, आणि कोपरा दुप्पट टिकतो. उरलेल्या पट्ट्यांतून तसे त्रिकोण करून लावा.

वसतिगृहासाठी एका कोपऱ्यात आतल्या बाजूने पांढऱ्या कापडाची चार बोटांची पट्टी शिवा, नाव किंवा क्रमांक घालायला. पट्टी रिकामी ठेवा, नाव मुलालाच घालू द्या. त्याच कोपऱ्यात नाडीचं एक लहान वेटाळं लावलं तर खिळ्याला अडकवता येतं. तुमचं किंवा तुमच्या मंडळाचं नाव गोधडीवर कुठेही नको. मुलाने रोज रात्री दात्याचं नाव पांघरून का झोपावं?

देण्याआधी

कच्चे दोरे काढा. गोधडी एकदा पूर्ण धुवा, हाताने, बादलीत, तिथल्या माणसाला जशी धुवावी लागेल तशी. दगडावर आपटून बघा. इथेच कळतं दोरा कुठे सुटतो, रंग कुठे उतरतो, वजन किती होतं. दोन माणसांशिवाय पिळता येत नसेल तर पुढची एक थर कमी करून शिवा. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपल्याकडे रीतच आहे. त्याच दिवशी दानाच्या गोधड्याही धुतल्या तर उन्हाचे दिवस मिळतात आणि थंडीआधी पोहोचतात.

ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यातलं नॅफ्थलीन जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं आणि त्यांना जीवघेणी कावीळ होऊ शकते. ही कमतरता जन्मजात असते आणि बाहेरून दिसत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या साडीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि देण्याआधी काढून गोधडी झटका.

पोहोचवणं

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात कापड गोळा करून कापणी, पावसाळ्यात शिवण, दसऱ्यापर्यंत धुऊन तयार. ऊसतोड कुटुंबांना ती गाव सोडण्याआधी किंवा नोव्हेंबरमध्ये कोपीवर. आश्रमशाळांना दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परतली की. जानेवारीत पोहोचलेली गोधडी निम्मी थंडी संपल्यावर पोहोचलेली असते.

पूर किंवा भूकंपाच्या बातमीनंतर न विचारता गठ्ठे पाठवू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. पुराच्या पहिल्या आठवड्यात तर गोधडी वाळणारच नाही. महिन्याभराने, घरं कोरडी झाल्यावर, विचारून द्या. ज्यांना स्वतः पोहोचवणं शक्य नाही त्यांनी 'गूंज'सारख्या संस्थेच्या संकलन केंद्रात चौकशी करावी. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही संस्था शहरातलं कापड निवडून, दुरुस्त करून गावांत नेते आणि तिथे लोक गावाच्या कामाच्या मोबदल्यात ते घेतात. या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याचा मान राखायची ही पद्धत मला फार पटते.

गठ्ठे दहा-दहाचे बांधा, आतून प्लास्टिक, बाहेरून पोतं, आणि वर माप आणि संख्या लिहा. पावती मागायची तर संस्थेच्या नोंदीसाठी मागा. वस्तूंच्या दानाला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही.

वाटपाचे फोटो काढू नका. बालगृहात तर मुलांची ओळख उघड करणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी पांघरूण घेताना कॅमेऱ्याकडे बघायला लावणं योग्य नाही. रांग लावण्यापेक्षा गोधड्या चटईवर पसरून ठेवा आणि ज्याला जी आवडेल ती उचलू द्या. मुलं रंग फार विचारपूर्वक निवडतात.

प्रत्येक दहा गोधड्यांमागे एक लहान पिशवी द्या: दोन सुया, दोऱ्याचं एक रीळ, त्याच साड्यांचे थोडे तुकडे. पिशवी मुलांच्या हाती न देता गृहपालांकडे किंवा घरातल्या मोठ्यांकडे द्या. फाटलं की तिथल्या तिथे ठिगळ लागतं. होळीच्या सुमाराला, थंडी सरल्यावर, पुन्हा फोन करा आणि नेमकं विचारा: किती वेळा धुतल्या, वाळायला किती वेळ लागला, आधी कुठे उसवलं, कोणत्या परत वापरायला काढल्या नाहीत. उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि एप्रिलमध्ये पुढच्या साड्या कापायला घेण्याआधी ती वही उघडा.